जसाच्या तसा फोटो

जामखेडला बसस्टँडजवळ आमचा फोटो स्टुडिओ. कॅमेरा माझा, कॉम्प्युटर पार्टनरचा, म्हणजे बबनचा. गिऱ्हाईक आत येतानाच म्हणतं, "शकीलभाई, जसा हाय तसा काढा!" अन् फोटो बघितला की, "एवढं जरा पुसा की!" मग किस्से साठणार नाहीत तर काय?

एका तरुण नेत्याने वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी गळ्यात जाडजूड सोन्याची साखळी टाकायला लावली. फ्लेक्स चौकात लागला अन् तासाभरात त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, दुकानात हजर!

"भाऊजी, खरं सांगा, ही साखळी ठेवलीय कुठं?"

कॉम्प्युटरवर साखळी काढून दाखवली, तरी बाईंचा विश्वास बसेना.

खर्ड्याच्या दोघा भावांनी वारलेल्या वडिलांचा फोटो आणला. हार घालायचा होता, म्हणून बबनकडून कोट-टाय चढवून घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांची आई आली. "काढा तो कोट! उभ्या जन्मात घातला न्हाई त्यांनी. उकडंल की!"

काढला. खालची बंडी दिसली तेव्हा कुठं म्हातारीला बरं वाटलं.

एक रिटायर्ड गुरुजी ओळखपत्राच्या फोटोला आले. "अजिबात हात लावायचा नाही," म्हणाले. आम्ही नाही लावला. प्रिंट बघून गुरुजी तापले, "हा मी नव्हेच!" शेवटी बाकड्यावर बसलेल्या त्यांच्या मंडळींना फोटो दाखवला.

"हेच आहेत. घरी असेच बसतात!"

बबनच्या लेकीच्या, सुमीच्या गालावर लहानपणी दूध सांडून भाजल्याचा डाग आहे. स्थळाला फोटो पाठवताना बापाने तो पुसला. पाहुणे आले, पोहे खाल्ले, गेले. निरोप आलाच नाही. पोरगी लई रडली. मग बापाला म्हणाली, "आप्पा, पुन्हा डाग पुसलात तर मी पाहुण्यांसमोर यायचीच न्हाई."

"शकील, तू काढ," बबन म्हणाला, "मी फाईल उघडतच न्हाई." मी सुमीला खिडकीपाशी बसवून फोटो काढला अन् पुढच्या स्थळाला तसाच पाठवला. बबनचं जेवणात लक्ष लागेना.

शेवगावचे पाहुणे आले. मीही होतो. सुमी समोर येऊन बसली. मुलाची आई एकदा तिच्याकडे बघते, एकदा मोबाईलमधल्या फोटोकडे. बबनचा चेहरा बघवत नव्हता. मग बाईंनी सुमीला ओढून आपल्या शेजारी बसवलं.

"पोरगी पसंत हाय आमाला. पण फोटोत डाग केवढा दिसतुया! हितं तर एवढासा हाय. लगनाला तरी ह्यो फोटोवाला बदला, बाई!"

बबनने माझ्याकडे बघितलं.

"व्हय," म्हणाला, "बदलतो!"