गोगलगाय मामांची सहा मिनिटं

वॉर्डातून पेशंटला ऑपरेशन थिएटरपर्यंत न्यायला साडेतीन मिनिटं पुरतात, हे आमच्या रुग्णालयात मीच ठरवलं होतं. गुणवत्ता विभाग म्हणजे तरी काय, मी, एक टेबल आणि एक घड्याळ. स्ट्रेचर ढकलणाऱ्यांना आमच्याकडे सगळे मामाच म्हणतात. असे बारा मामा. त्यातले अकरा वेळेत पोचायचे. सगळ्यात चपळ होता त्याचं नाव 'विमान'. एकटे एक मामा मात्र सहा मिनिटं लावायचे, म्हणून ते 'गोगलगाय'.

तीन महिने त्यांच्या नावापुढे लाल रेघ बघून माझं डोकं फिरलं. त्यांना स्ट्रेचरवरून काढून चादरींच्या गोदामात बसवावं, असा शेरा मी लिहून टाकला. मग तोंडदेखलं विचारायचं म्हणून त्यांना बोलावलं.

"इतका वेळ का लागतो, मामा?"

"सांगून नाही कळायचं, मॅडम. तुम्ही जरा झोपता का स्ट्रेचरवर?"

मी चाटच पडले. पण झोपले.

आडवं पडल्यावर रोजचं रुग्णालय मला ओळखू येईना. नुसतं छत, अंगावर येणारे दिवे आणि वरून डोकावणारे चेहरे. कडेची दांडी मी कधी घट्ट धरली, माझं मलाच कळलं नाही.

"आता उजवीकडे वळतोय," मामा कानाशी म्हणाले. थोड्या वेळाने, "लिफ्टची फट आली. बारीकसा धक्का बसेल, पाय सैल सोडा." धक्का बसला, पण मी तयार होते. थिएटरच्या दाराशी त्यांनी स्ट्रेचर थांबवलं. "इथे जरा थांबतो मी. लोकांना घरच्यांशी काहीबाही बोलायचं असतं."

मला काही झालेलं नव्हतं, कुणी कापणार नव्हतं, तरी मला रडू आलं.

शेरा मी फाडला. पण वरच्या साहेबांना मी चांगली ओळखून होते. एकट्या मामांची सहा मिनिटं म्हणजे त्यांच्या लेखी आळस. बाराही जण तसंच करू लागले, तर ती रुग्णालयाची पद्धत.

"बाकीच्यांना शिकवा, मामा. नाहीतर गोदाम काही टळत नाही."

"हसतील ते. आणि का करतो ते सांगावं लागेल. ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही."

मी कारण विचारलं नाही, फक्त शुक्रवारची दुपार ठरवून दिली. तेवढं मला जमलं.

शुक्रवारी दुपारी अकरा जण भिंतीला टेकून उभे राहिले. "चला, गोगलगायीची शाळा भरली," विमान म्हणाला आणि सगळे खिदळले. मामा बराच वेळ स्ट्रेचरची दांडी पुसत राहिले.

"बायकोला थिएटरात मीच नेलं होतं," ते म्हणाले. "नऊ वर्षं झाली. पळत नेलं, तीन मिनिटांत. ती वाटेत म्हणत होती, अहो, जरा थांबा, मला बोलायचंय. मी म्हटलं, नंतर बोल."

त्यांनी नाक पुसलं, चादर झटकली.

"कोण झोपतंय आधी?"

कुणी जागचं हललं नाही. मग विमानने बूट काढले, भिंतीशी जोडीने ठेवले आणि तो स्ट्रेचरवर आडवा झाला.

"मामा," छताकडे बघत तो म्हणाला, "सावकाश न्या."