पन्नाशीनंतर 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'

एचआरमध्ये उभी हयात गेली, तेव्हा वाटायचं की किस्से फक्त ऑफिसात घडतात. रिटायर झाले आणि कळलं, ऑफिस सुटलेल्यांचे जास्त घडतात! मीरा रोडला सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी दर रविवारी सकाळी एक मंडळ जमवते. मोठ्या पोस्टवरून अचानक घरी बसलेली माणसं. सगळी पन्नाशीपुढची. पुन्हा नोकरी कशी शोधायची, ते मी त्यांना शिकवते. निदान मला तसं वाटतं. चहा संपतो, किस्से काही संपत नाहीत.

*

पहिला मॉक इंटरव्ह्यू वझ्यांचा. व्हाइस प्रेसिडेंट होते. जन्मभर दुसऱ्यांचे इंटरव्ह्यू घेतलेले, स्वतः शेवटचा कधी दिला ते आठवत नव्हतं.

मी विचारलं, "टेल मी अबाउट युवरसेल्फ."

वझे छान बोलले. मग खुर्चीत मागे रेलले, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "गुड. तुमची पगाराची अपेक्षा काय?"

मी गडबडून सांगूनही टाकली!

वझे उठले, हात पुढे केला. "ठीक आहे. आम्ही कळवू."

*

वझ्यांचाच आणखी एक. त्यांनी ऑनलाइन प्रोफाइलवर लावलेला फोटो लग्नानंतरच्या काळातला. काळेभोर केस, जाड मिशी. एका कंपनीने व्हिडिओ कॉल लावला. समोर विशी-पंचविशीतली मुलगी. वझे कॅमेऱ्यासमोर ताठ बसले होते. ती अगदी आदराने म्हणाली, "गुड मॉर्निंग अंकल, जरा वझे सरांना बोलावता का?"

वझे मूळचे फार भिडस्त. म्हणाले, "हो हो, बोलावतो." आणि उठून आत गेले!

बायको किचनमध्ये कांदा चिरत होती. "अगं, आता काय करू?"

"कॅमेरा बंद करा आणि वझे सर म्हणून बोला."

इंटरव्ह्यू मस्त झाला. जाता जाता मुलगी म्हणाली, "सर, तुमचे फादर फार स्वीट आहेत."

*

भोईर इथल्याच मोरवा गावचे. एका कारखान्यात जनरल मॅनेजर होते. नोकरी गेल्याचं गावात कुणाला सांगितलं नव्हतं, फक्त आईला ठाऊक. दिवसभर दार लावून बसायचे. ओट्यावर कुणी हाक मारली तर आई सांगायची, "तो कामात हाय." हसरा माणूस, पण रविवारी आमच्यातही कोपऱ्यात गप्प असायचा.

त्यांना मी एक उत्तर घोकून घ्यायला लावलं होतं. आधीची नोकरी का सोडली विचारलं, तर म्हणायचं, "नवीन चॅलेंज शोधत होतो."

इंटरव्ह्यू घरूनच होता. समोरच्या साहेबांनी नेमकं तेच विचारलं. भोईर म्हणाले, "सर, अ‍ॅक्च्युअली मी नवीन चॅलेंज..."

तेवढ्यात मागून आईचा आवाज, "खोटा कशाला बोलतंस? त्यानं सोडली न्हाय ओ, त्याला काढला हाय!"

साहेब निघाले मराठी. पोट धरून हसले आणि म्हणाले, "सकाळपासून सगळे नवीन चॅलेंजच शोधतायत. आजींना नमस्कार सांगा. आता खरं काय झालं ते बोलूया."

भोईर पहिल्यांदाच खरं बोलले. नोकरी मिळाली. पेढे वाटायला आईच आली होती!

*

मग मी नेटवर्किंग शिकवलं. "लाजायचं नाही, भेटेल त्याला सांगायचं की मी काम शोधतेय." कामत मॅडम एका कंपनीच्या फायनान्स हेड होत्या, पण स्वभावाने अतिशय संकोची. कुणाला सांगायचं धाडस होईना. शेवटी इथल्या किनाऱ्यावरच्या पालीहून दारावर मासळी घेऊन येणाऱ्या मावशींना सांगितलं.

मावशी म्हणाल्या, "मंग लाजतं कशाला? मी सांगतंय सगल्यांना."

आणि खरंच सांगितलं! दुसऱ्या दिवशी सकाळपासून मॅडमचा फोन थांबेना. "तुम्हालाच काम पाहिजे ना? पोळ्या येतात का?"

मॅडम म्हणाल्या, "बॅलन्स शीट येते."

पलीकडची बाई म्हणाली, "ते नको. आमच्याकडे व्हेजच लागतं."

*

शेवटचा देसायांचा. सेल्सचे रीजनल हेड. घरी बसले आणि किचनचे हेड झाले. रोज सकाळी बायकोबरोबर रिव्ह्यू मीटिंग. "कालची आमटी उरली. रूट कॉज काय?" एका रविवारी त्यांची बायको, म्हणजे आमच्या सुनीतावहिनी, तणतणत आमच्या हॉलमध्येच आल्या. त्या दिवशी भाईंदरला प्लेसमेंटची छोटी कंपनी चालवणाऱ्या एक बाई पाहुण्या होत्या. वहिनींनी थेट त्यांनाच सांगितलं, "मॅडम, आमच्याकडे एक सीनियर माणूस आहे. अनुभव दांडगा, काम शून्य, आणि रजा घेतच नाही. कुठेही लावा, पण घ्या!"

हॉल हसून लोटपोट. पाहुण्या बाईंनी मात्र नोकरी वहिनींनाच दिली. "इतकं स्पष्ट बोलणारं माणूस मला फोनवर हवंय."

वहिनी रोज साडी नेसून ऑफिसला जायला लागल्या. देसाई डबा भरून द्यायला लागले. अधूनमधून अर्ज करत राहिले. असाच त्यांचा एक अर्ज फिरत फिरत वहिनींच्याच टेबलावर आला. पहिल्या राउंडचा फोन करणं ही त्यांचीच ड्युटी. त्यांनी केला.

"नमस्कार, मिस्टर देसाई बोलतायत का?"

"अगं, काय झालं? डबा राहिला का?"

"मी ऑफिसच्या कामासाठी बोलतेय. दोन मिनिटं आहेत का आपल्याकडे?"

देसायांनी गॅस बंद केला. शर्टाचं वरचं बटण लावलं. "येस मॅडम."

"तुमचा सगळ्यात मोठा वीकनेस सांगा."

मग देसाई हळूच म्हणाले, "मॅडम, तुम्ही सांगा. मी लिहून घेतो."