काळा धूर, तलासरीचा चढ आणि चिखल्याचा समुद्र

बाबांची जुनी डिझेल जीप विकायचं ठरलं. गिऱ्हाईकही मिळालं. त्याआधी तिच्यातून एकदा डहाणूजवळच्या चिखल्याचा समुद्र बघून येऊ, असं बाबा म्हणाले आणि मी रजा टाकली. बाबा भूगोलाचे निवृत्त शिक्षक, पण गाडीचं दुखणंखुपणं कायम त्यांनीच पाहिलं.

कल्याणहून पहाटे निघालो. गाडी मी चालवत होते. थंडीत महामार्गाच्या कडेला धुकं बसलेलं असतं आणि समोरचे ट्रक त्यातून तरंगत आल्यासारखे येतात. चारोटीला चहा-भजी झाली. इथून डावीकडे वळलं की डहाणू जवळच. पण आम्हाला तलासरीवरून आतल्या रस्त्याने समुद्राकडे उतरायचं होतं. घाई नसेल तर तुम्हीही तसंच जा. कापणी झालेली खाचरं, ताडाची झाडं, मधूनच एखादं कुडाचं घर, आणि सगळ्यावर कोवळं, सुस्त ऊन.

तलासरीच्या अलीकडच्या चढावर जीप दमली. कितीही रेस केली तरी वेग वाढेना. आरशात पाहिलं तर मागे काळ्या धुराचा पडदा.

पुढे पंक्चरवाल्याचं दुकान होतं, तिथे थांबलो. बाबांनी बॉनेट उघडलं.

"काळा आहे, म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडतेय," ते म्हणाले. "निळा असता तर ऑइल जळतंय म्हटलं असतं. पांढरा असता तर डिझेल न जळताच बाहेर येतंय, नाहीतर पाणी शिरतंय."

आधी एअर फिल्टर काढला. धूळ होती, ती झटकली. चढावर एक फेरी मारली, पण धूर तसाच. मग टर्बोने दाबलेली हवा वाटेतच निसटत असणार. बाबा इंजिनावर वाकले आणि मला रेस करायला सांगितलं. पाय दाबताच शूंऽऽ असा आवाज सीटवरही स्पष्ट आला.

"काहीच आवाज नाही," बाबा म्हणाले.

"काका, एवढा येतोय की," पंक्चरवाला म्हणाला.

बाबा सरळ झाले. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "मला नाही येत."

"कधीपासून, बाबा?"

"वर्ष झालं असेल. आधी पक्षी गेले. मग फोन."

मला वाटायचं, हल्ली ते माझे फोन मुद्दाम उचलत नाहीत. मनातल्या मनात मी रुसलेही होते. मी खाली उतरले आणि म्हटलं, "तुम्ही बसा आत. मी ऐकते."

त्यांनी रेस केली. "खालून येतोय. डाव्या बाजूने," मी खुणा करत सांगत राहिले. मग इंजिन बंद करून थंड होऊ दिलं. टर्बोच्या पुढच्या रबरी पाइपवर बोट फिरवलं, तर खालच्या अंगाला तेलकट, लांबट चीर. पंक्चरवाल्याने जुन्या ट्यूबची पट्टी कापून दिली. "घ्या ना, पडूनच होती." पट्टी घट्ट गुंडाळून वर क्लिपा आवळल्या. तोच चढ जीप आता बिनधुराची चढली. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहिला.

चिखल्याला एका वाडीत उतरलो. खोली साधी, परवडणारी. जेवणाचं मात्र आधी कळवा. घरच्या काकूंनी उकडहंडी केली होती. मडक्यात शिजलेले कंद, वालपापडी, वर कच्चं तेल. "गार होऊ देऊ नका," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी ओहोटीने समुद्र खूप आत गेला होता. ओल्या वाळूत आकाश उतरलेलं, सुरूच्या झाडांत वारा. बाबांनी विचारलं, "लाटा ऐकू येतात का गं इथून?"

"अगदी बारीक. कुणीतरी दूर तांदूळ पाखडतंय तसं."

ते डोळे मिटून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी डहाणू रोडला नवा पाइप बसवला आणि घरी आलो. जीप ठरल्याप्रमाणे गेली. बाबांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, यंत्र मिळालं. ते लावून बाबा गॅलरीत गेले आणि लगेच आत आले. यंत्र काढून डबीत ठेवलं.

"इथे नुसता गोंगाट आहे. पहिल्यांदा ऐकायचं ते चिखल्यालाच ऐकेन," म्हणाले. "डहाणू रोड स्टेशनपर्यंत गाडी कधी आहे, बघ."