माझ्याआधी कामावर आलेली

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. आमच्या मुरबे गावच्या कोळीवाड्यात जाळं फाटलं तरी कुणाची तरी नजर लागलेली असते, आणि मी मात्र म्हणायचे — जाळं जुनं झालंय, दुसरं काही नाही. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण पुरतं येत नाही, म्हणून तर लिहितेय.

साठच्या दशकातली गोष्ट. तारापूरला वीजकेंद्राचं काम जोरात चाललं होतं, बोईसरला रोज नवी माणसं उतरत होती. मी सोळा वर्षांची, सातवी पास. बाबा नव्हते. आई सुक्या मासळीची पाटी घेऊन मनोरच्या बाजाराला जायची, पण त्या वर्षी तिचे गुडघे असे धरले की ओट्यावरून उतरणंही जमेना. घर माझ्यावर आलं.

दिवाळीआधी बोईसरला दोन-चार ठिकाणी विचारून आले. सगळीकडे एकच प्रश्न — आधी कुठं काम केलंयस? अहो, कुणी ठेवून घेतलं तर करणार ना! अनुभव काय बाजारात वाट्यावर मिळतो? मग बोंबील भरपूर लागला आणि आठवडाभर मी किनाऱ्यावर तेच वाळत घालत होते. ते उरकल्यावर पुन्हा एस.टी. पकडली.

स्टेशनजवळ घाटावरच्या मजुरांसाठी एक खानावळ होती. चालवायच्या शिंदेमामी, साताऱ्याकडच्या. मी दारात उभी राहून घोकलेलं वाक्य म्हणणार, तोच त्या म्हणाल्या, “आज उशीर का गं? भांडी तशीच पडल्यात.”

मी मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

“तुलाच म्हणतीया, हिरा. आठ दिस नीट आलीस, आन् आता नखरं व्हय?”

माझं नाव मी सांगितलंच नव्हतं.

तिथंच बोलायला हवं होतं — बाई, मी तुम्हाला पहिल्यांदा बघतेय. पण तोंडाशी आलेला घास कोण सोडतं? पदर खोचला आणि मागच्या अंगणात गेले.

दोरीवर भांडी पुसायची फडकी वाळत होती. दोन-दोन फडक्यांची टोकं एकमेकांत अडकवलेली, एक दोरीच्या अलीकडे, एक पलीकडे. आम्ही बोंबील असेच घालतो, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा. घाटावरची बाई फडकं नुसतं दोरीवर टाकून देते.

“मामी, ही कुणी घातली?”

“कोन घालनार? तूच की, काल सांजच्याला. म्या म्हनलं, ही कसली रीत? तर म्हनलीस, वाऱ्यानं उडत न्हाईत.”

खरंच उडत नाहीत. मी गुमान भांडी घासायला बसले.

घरी आल्यावर आईला विचारलं, “आये, मागच्या आठवड्यात मी बोईसरला गेलते का?”

“तू? माज्या डोल्यासमोर बोंबील घालत व्हतीस. ताप हाय का तुला?”

मी सगळं सांगितलं. तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग म्हणाली, “काम मिलालं ना? मंग कोनाला काय बोलू नको.”

नोकरी टिकली. आईला पुन्हा पाटी उचलावी लागली नाही, आणि पुढे मामींनी खानावळ माझ्याच हाती दिली. पण मी कधी निवांत झाले नाही. कितीतरी वर्षं पहिली एस.टी. पकडून मामींच्या आधी दाराशी पोचायचे. लोक म्हणायचे, हिरा कामाला वाघ आहे. कसला वाघ... भीती वाटायची — आपल्याआधी येऊन त्या दुसऱ्या हिरानं चूल पेटवली असेल तर?

ती आली नाही. आमचे जावई म्हणतात, मामींचा घोटाळा झाला असेल, दुसरी कुणी मुलगी असेल. असेलही. मग तिचं नाव हिराच कसं, आणि ती फडकी? मला आजही काही सांगता येत नाही.

पण आता वयामुळे भीती गेली आणि वेगळंच टोचायला लागलंय. गरज असल्याशिवाय कुणी पोरगी परक्याच्या खरकट्यात हात घालत नाही. तिलाही ती नोकरी हवीच असणार. त्या दिवशी ती रोजच्यासारखी दारापर्यंत आली असेल, आणि मला भांडी घासताना बघून तशीच मागे फिरली असेल का?