तारवाले, चौकटवाले आणि मार्गासनीचं घंगाळ

सर्वेच्या कँपात राहिलेल्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत. जेवायला बसलं की ते आपोआप निघतात.

एकोणीसशे चाळीसच्या आसपास वेल्ह्याच्या डोंगरात जमिनीखाली तांब्याचं खनिज आहे का, ते विजेच्या यंत्रानं शोधायचं होतं. पद्धती दोन. आमचे दामले साहेब रानभर तार अंथरून तिच्यात वीज सोडायचे; मी टेलिफोन कानाला लावून गुणगुण कुठं वाढते ते ऐकायचो; वाढली की खाली धातू. दुसऱ्या पार्टीच्या कर्णिकांची माणसं तारेची वेटोळी बसवलेल्या, धातूजवळ गेलं की वाजणाऱ्या दोन चौकटी खांद्यावर घेऊन फिरायची. मोठे साहेब यातली एकच पद्धत ठेवणार, दुसरी पार्टी घरी जाणार. माझं लग्न या नोकरीवरच ठरलं होतं.

*

कर्णिकांना पहिल्याच दिवशी खनिज सापडलं. चौकट जाईल तिथं सापडत होतं! दुपारी कळलं, चौकट धरणाऱ्या गड्याच्या कमरेला कोयता होता. काढून ठेव म्हटलं, तर तो म्हणाला, "कोयत्याबिगर रानात जायाचं मंजी नागडंच जायाचं की."

*

आम्ही पोट धरून हसलो. दुसऱ्या सकाळी आमचीच गुणगुण बंद. तारेमागं चालत गेलो, तर मधला तुकडा कापून एका शेतकऱ्यानं त्याला बैल बांधला होता. तार कालपासून पडून होती, त्याला वाटलं कुणाची नसेल.

*

शेवटी मोठ्या साहेबांनी परीक्षा ठेवली. जवळच्या मार्गासनी गावातल्या एका म्हातारीचं तांब्याचं घंगाळ मागून घेतलं, शिपायाकडून शेतात पुरलं आणि वरून शेत नांगरून टाकलं. जागा आपल्या दोघांनाच ठाऊक आहे, असा त्यांचा समज होता.

सकाळी कर्णिकांनी बांधाजवळ झेंडी रोवली. मी तासभर ऐकलं, गुणगुण कुठंच वाढेना. एवढ्यात एका जागी माती ओली, नुकतीच उकरल्यासारखी दिसली. इथं मोठा आवाज येतोय, असं मी ठोकून दिलं आणि झेंडी रोवली.

जागा बरोबर तीच निघाली. तारेची पद्धत ठेवायची, असं मोठे साहेब सगळ्यांसमोर बोलले. दामले साहेबांनी माझी पाठ थोपटली. मग रीत म्हणून खणायला लावलं. कमरेइतकं खणलं तरी घंगाळ लागेना.

म्हातारी बघ्यांतच उभी होती.

"ते हितं कुठलं घावतंय?" ती म्हणाली. "म्या पहाटंच उकरून नेलं. सून बाळंतीण हाय, तिला न्हायाचं पानी कशात काढू?"