आईचं नाक

आमची आई चिंचणीला सुके बोंबील विकते. माल कडक वाळलाय की आतून दमट आहे, हे ती नुसतं हुंगून सांगते. तिच्या नाकापुढे कुणाची मात्रा चालत नाही. वडील दारूपायी गेले तेव्हापासून त्या नाकाला आणखी एक काम लागलं. मी बोईसरच्या कारखान्यातून सुटून आलो की ती डबा घ्यायला दारात यायची आणि हळूच माझं तोंड हुंगायची. मी आयुष्यात दारूला शिवलेलो नाही. तरी मुकाट्याने उभा राहायचो, तिला बरं वाटावं म्हणून.

मग कारखान्याच्या तपासणीत माझ्या लिव्हरवर चरबी निघाली. आमच्याकडे लिव्हर म्हटलं की दारूच. आई जेवली नाही.

"तू पितोस."

"नाय गं आई."

"तुझा बाप पण असंच बोलायचा."

मला फार लागलं ते. दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन मी बोईसरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

शिफ्टमध्ये काय खातोस, त्यांनी विचारलं. पाव, बिस्किटं, कोल्ड्रिंकच्या बाटल्या. घरी आईचा पाकासारखा चहा. त्या आईकडे वळल्या. "मावशी, न पिणाऱ्याच्याही लिव्हरवर चरबी चढते. आतड्यात जंतू असतात. गोडधोड फार झालं की नको ते जंतू माजतात, त्यांचा त्रास लिव्हरला होतो. काहींच्या पोटात तर ते साखरेची थोडी दारूच करतात. याचं तसं आहे असं नाही. पण साखर तोडा. नाचणी, कडधान्य, पालेभाजी द्या, चांगले जंतू त्यावर जगतात."

मला वाटलं, सुटलो. आई मात्र पदराचं टोक पिळत बसली होती.

"याचा बाप शेवटी सोडली बोलायचा. माझी शपथ घ्यायचा. मी नाय मानलं. खरं बोलत असंल काय तो?"

"सोडल्यावरही आजार वाढतो कधी कधी," बाई म्हणाल्या. "खरंही असेल. आता नाही सांगता येणार."

रिक्षात मला तिची कीव आली आणि वडिलांची आठवण.

आता चहा बिनसाखरेचा असतो आणि आई माझं तोंड हुंगत नाही. डबा घेते, विचारते, "थकलास काय?"

एकदा विचारून झाल्यावर ती तशीच डबा धरून उभी राहिली.

"तुझ्या बापाला कवाच नाय विचारलं," म्हणाली.