कुणी हौसा घ्या

वत्सलाबाई गेल्याचा फोन शिवाजीनं केला. "बाई गेल्या," एवढंच म्हणाला. सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं, म्हणून पोटचा मुलगाही बाईच म्हणायचा. पूर्वी मला याची गंमत वाटे. त्या दिवशी वाटली नाही... आठवड्याभरात इंदापुरात शोकसभा झाली. हार घातलेला फोटो, फोटोपेक्षा मोठा फलक, आणि फलकावर बाईंच्या नावापेक्षा ठळक अक्षरांत आयोजकांची नावं. अध्यक्षस्थानी बारामतीचे ते डॉक्टर होते, ज्यांच्या दवाखान्यातल्या बाकावर बाई दर रविवारी जाऊन बसायच्या आणि पोटावर मशीन फिरवून घ्यायला आलेल्या बायकांशी बोलायच्या. डॉक्टरांनी त्यांना 'स्त्रीजन्माच्या कैवारी' म्हटलं. आज दवाखाना बंद ठेवून आलोय, असंही सांगितलं. मेल्यावर का होईना, बाईंनी एक दुपार वाचवली, असं माझ्या मनात आलं.

मी पुण्याहून इंदापूरच्या मुलींच्या शाळेत नोकरीला आले, तेव्हा बाई तिथं भूगोल शिकवत होत्या. मूळच्या निरवांगीच्या. वडिलांची मेंढरं होती, नवरा लवकर गेलेला, शिवाजी एकुलता एक. मला त्या 'जोशीणबाई' म्हणत, आणि त्यात पुण्याला मारलेला टोमणा अजिबात लपवत नसत. मधल्या सुट्टीत डबा खाताना एकदा म्हणाल्या, "आमच्या वाड्यात मेंढीला मादी झाली की बाप खूश व्हायचा. कळप तिच्यावरच वाढतो. नर झाला की मोठा करून बाजारात. त्याच बापाला मी झाले तर दोन दिवस जेवला न्हाय. मेंढरातलं कळत होतं की त्याला, जोशीणबाई. माणसातलंच कसं कळंना?" मी पुस्तकातलं काहीतरी उत्तर दिलं. त्यांनी ते शेंगदाण्याच्या चटणीसोबत शांतपणे खाल्लं.

बाईंचं मत सोपं होतं आणि कुणालाच सोयीचं नव्हतं. मुलगी म्हणून पाडणं वाईट, इथपर्यंत सगळेच व्यासपीठावर यायचे. बाई पुढं जायच्या. मुलगा असो, मुलगी असो, गर्भ पाडणं ही बाईवर आणि तिच्या लेकरावर एकाच वेळी केलेली जबरदस्ती आहे, असं त्या म्हणत. पुण्यात एकदा जगभरातल्या स्त्रियांच्या हक्कांवर परिसंवाद होता. मीच त्यांना घेऊन गेले. समई, नारळ, परदेशी पाहुण्या, मध्येच बंद पडणारा माईक, सगळं यथासांग झालं. पाहुण्या स्वतःच्या शरीरावरच्या हक्काबद्दल छान बोलल्या. मला सगळं पटलं. मग बाई उभ्या राहिल्या. "हक्क पायजेच. पण बाळंतपणाची रजा मागितली की संस्था तोंड फिरवती. नवरा पाण्याची कळशी उचलत न्हाय. अन् पोट रिकामं करायचं म्हटलं की सगळे गाडी करून न्यायला तयार. जग बाईसाठी तसूभर सरकत न्हाय, म्हणून बाईनंच स्वतःला कापून जगात मावायचं, ह्याला तुमी हक्क म्हणता? एका देशात सरकारच गर्भ पाडायला लावतंय, दुसऱ्या देशात पाडलं म्हणून कैदेत टाकतंय. विचारतंय का बाईला कुणी?" सभागृहात दोघीतिघींनी त्यांना सनातनी ठरवलं. पुढच्या महिन्यात खऱ्या सनातन्यांनी सत्काराला बोलावलं. तिथं बाईंनी शाल घेतली आणि माईकवरच विचारलं, की तुमच्या घरात सातव्या महिन्यात पाणी कोण भरतं? परत कुणी बोलावलं नाही. शाल मात्र उबदार होती, असं त्या सांगत.

तोवर बारामतीतल्या दवाखान्यात मशीन येऊन स्थिरावलं होतं. डॉक्टर तोंडानं काही सांगत नसत. मुलगा असला तर "पेढे", मुलगी असली तर "बर्फी". पुढं कायदा झाला, गर्भलिंग तपासणी इथे होत नाही अशी पाटी लागली, आणि रांग पाटीखाली सावलीला उभी राहू लागली. बाई बाकावर बसून एकेकीला विचारायच्या, "तुला पायजे का नको, ते सांग. नवऱ्याचं न्हाय विचारलं." बहुतेक जणी रडायच्या आणि आत जायच्या. काही परत फिरायच्या. परत फिरलेल्यांचं पुढं काय झालं, हे बाईंना एका घरापुरतं नक्की कळलं... ते घर त्यांचंच होतं.

शिवाजीच्या बायकोला, मंगलला, दोन मुली होत्या. तिसऱ्या वेळी तो तिला बाईंना न सांगता बारामतीला घेऊन गेला. बर्फी. दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं ठरलं होतं. सकाळी पिशवी भरताना बाईंना कळलं आणि त्यांनी मलाही बोलावून घेतलं, साक्षीला म्हणून असेल. मी पोचले तेव्हा बाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. "न्यायचं असंल तर माझ्या अंगावरनं न्या." शिवाजी तोंड फिरवून अंगणातल्या फटफटीशी उगाच खटपट करत होता. बोलली ती मंगल, पिशवी हातात घेऊन उभ्यानं.

"बाई, तुमी जगातल्या बायकांचं बोलता. माझ्या पोटाचं मला बोलू द्या की."

"पोट तुझं, पण ठरवलंय कुणी? शिवाजीनं. म्हणून अडवते."

"व्हय. चल म्हणायचं त्यांनी, नको म्हणायचं तुमी. म्हंजी दोन्हीकडनं ठरलंच की. मी मधी पिशवी धरायला!"

माझ्याकडं उत्तर होतं, पण ते पुण्यातलं होतं. शेवटी बाई म्हणाल्या, "मूल मी सांभाळीन. तुला त्याला बोटबी लावावं लागणार न्हाय." मंगलनं पिशवी खाली ठेवली. "शब्द हाय का हा?" तिनं विचारलं. बाई म्हणाल्या, "हाय."

मुलगी झाली. बारशाला मी होते. आमच्याकडे बारशाला पाळण्याच्या दोन बाजूंना दोघी उभ्या राहतात आणि "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत बाळाला पाळण्याखालून-वरून एकमेकींच्या हातात देतात. मुलगी असली तरी गोविंद आणि गोपाळच... एका बाजूला बाई होत्या, दुसऱ्या बाजूला मंगल स्वतः येऊन उभी राहिली. बाळ गेलं, आलं, पुन्हा गेलं, आलं. कुणीतरी शेजारीण म्हणाली, "नकुशी नाव ठिवा, पुढचा पोरगा हुतोय." बाई कडाडल्या, "हौसा ठेवायचं. हौसेनं आणलीया." आणि शेवटच्या फेरीला बाळ पुढं केलं. मंगलनं हात पुढं केले नाहीत. पदर सावरला. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. शब्द हाय न्हवं?" बायकांना आधी ती थट्टा वाटली, काहीजणी हसल्याही. मग गाणं थांबलं. बाई बाळ पाळण्यावर धरून तशाच उभ्या राहिल्या. घुगऱ्या मात्र ठरल्याप्रमाणे वाटल्या गेल्या.

सव्वा महिना झाल्यावर शिवाजीनं पिंपळीला बिऱ्हाड केलं. मंगल दोन्ही मुलींना घेऊन गेली. हौसा मागं राहिली. बाई पन्नाशीच्या पुढं, गुडघे गेलेले, शिक्षकखोलीत बाटली उकळायच्या. बायकांच्या हक्कांवर भाषणं देणाऱ्या आमच्या मुख्याध्यापिकेनं शिस्तीची आठवण करून दिली. रविवारचा बाक सुटला. पोर कडेवर घेऊन बारामतीची एसटी पकडणं जमेना. हौसाला चालता येऊ लागल्यावर बाईंनी संध्याकाळचा एक खेळ काढला. रिकाम्या पाळण्याच्या एका बाजूला पोरीला उभं करायचं आणि विचारायचं, "कुणी हौसा घ्या?" मग लंगडत वळसा घालून पलीकडून हात पसरायचे, "मी घेते!" पोर खदखदून हसायची. मला एकदा पाहायला मिळालं, परत मी संध्याकाळची गेले नाही.

पुढं मंगल पुन्हा बारामतीला गेली होती, एकदा की जास्त वेळा कोण जाणे. मग मुलगा झाला. शिवाजी पेढे घेऊन आला, तेव्हा मी तिथं होते. हौसानं हात पुढं केला. त्यानं दोन पेढे ठेवले, शेजारच्या मुलीच्या हातावर ठेवावेत तसे, आणि विचारलं, "नाव काय गं तुझं?" चेष्टा केली असेल. तिनं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट.

शेवटची भेट सरकारी दवाखान्यात झाली. छातीत पाणी झालं होतं, बोलताना धाप लागायची. "मंगलशी चुकले असंन, जोशीणबाई," त्या म्हणाल्या. "तिला इचारलंच न्हाय. पण हौसाशी न्हाय चुकले." मंगलला कुणी विचारलं नव्हतं, हे खरंच होतं. चार वर्षांची हौसा खाटेच्या लोखंडी नळीला लोंबकळत होती, हेही तितकंच खरं होतं. दोन्ही खरं एका उशाशी ठेवून मी घरी आले. या दोन्हींना मावेल एवढं घर बाईंना आयुष्यभर कुठल्याच देशात सापडलं नव्हतं.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. पोरीचं काय, हा प्रश्न जेवणं होईपर्यंत कुणी काढला नाही. मग एक वडीलधारे आबा म्हणाले, "शिवाजीराव, तुमचीच हाय. नेली पायजे." शिवाजी बायकोकडं बघू लागला. मंगल मुलाला कडेवर घेऊन उभी होती. तिचा चेहरा दुष्ट नव्हता, दमलेला होता. एवढ्यात हौसा आपणहून पाळण्यापाशी गेली, नेहमीच्या बाजूला उभी राहिली आणि भरल्या घरात मोठ्यानं म्हणाली, "कुणी हौसा घ्या?" जमलेल्या पाहुण्यांना कौतुक वाटलं. मंगल पुढं आली. पाळण्यापलीकडं, बाईंच्या जागी उभी राहिली. तिनं मुलाला पाळण्यात ठेवलं, दोरी हौसाच्या हातात दिली आणि नवऱ्याला म्हणाली, "नेऊ. बाळाला खेळवायला झालीया आता." मग ती भांडी आवरायला आत गेली.

हौसा दोरी ओढत राहिली. पाळण्यातल्या भावाकडं तिचं लक्ष नव्हतं. पलीकडच्या रिकाम्या जागेकडं बघत ती थांबली होती, कारण वळसा घालून यायला बाईंना नेहमीच थोडा वेळ लागायचा.